वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हरचा लॉफ्ट किती असावा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ड्रायव्हरच्या, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या, लॉफ्टविषयी आहेत. लॉफ्ट म्हणजे क्लबचा चेंडूला भिडणारा पृष्ठभाग, म्हणजे फेस, किती मागे कललेला आहे तो कोन. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या सर्व उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा असून बँकेतून निवृत्त झाल्यावर गोल्फ शिकलो. माझा हँडिकॅप (खेळाचा दर्जा दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २२ आहे. पुतण्याने अमेरिकेहून ९ अंशांचा ड्रायव्हर आणून दिला आहे, पण त्याने मारलेला चेंडू खालून जातो आणि लवकर जमिनीला टेकतो. लाँच मॉनिटरवर, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्रावर, मोजले तेव्हा क्लबहेडचा वेग ताशी ८४ मैल, चेंडूचा वेग ताशी ११८ मैल, लाँच अँगल (चेंडू वर निघण्याचा कोन) ८ अंश, स्पिन मिनिटाला २,६०० फेरे, अटॅक अँगल उणे ३ आणि कॅरी (चेंडू टेकण्यापूर्वी हवेतून कापतो ते अंतर) १६५ यार्ड असे आकडे आले. बरोबर खेळणारे मित्र म्हणतात की १२ अंशांचा ड्रायव्हर बायकांसाठी आणि नवशिक्यांसाठी असतो. मी ९ चाच ठेवून स्विंग सुधारावा असे त्यांचे म्हणणे आहे. आपले मत कळवावे. – एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही १२ अंशांचा ड्रायव्हर घ्यावा, आणि तो अजिबात संकोच न बाळगता घ्यावा. तुम्ही आकडे पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण त्यांच्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अंदाजपंचे ठरला असता.

हेडवर कोरलेला लॉफ्ट म्हणजे क्लब स्थिर असताना फेस किती मागे कललेला आहे त्याचे माप. चेंडूला मात्र या मापाशी काही देणेघेणे नसते. चेंडूला भिडण्याच्या क्षणी शाफ्ट (क्लबची दांडी) किती वाकलेला आहे, हात चेंडूच्या किती पुढे आहेत आणि चेंडू फेसच्या कोणत्या भागावर लागतो आहे, या सर्वांतून जो कोन प्रत्यक्षात तयार होतो त्याला डायनॅमिक लॉफ्ट म्हणतात, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत चेंडू किती अंशांनी वर निघेल हे सुमारे ८५ टक्के त्यावरच ठरते. उरलेला वाटा अटॅक अँगलचा. क्लबहेड खालून वर येताना चेंडूला लागले तर हा कोन अधिक, वरून खाली येताना लागले तर उणे. डायनॅमिक लॉफ्ट आणि अटॅक अँगल यांच्यातील अंतराला स्पिन लॉफ्ट म्हणतात. हे अंतर जितके मोठे, तितका स्पिन जास्त. तुमचा अटॅक अँगल उणे ३ आहे, म्हणजे तुम्ही चेंडूवर वरून घाव घालता. त्यामुळे मुळात कमी असलेला लॉफ्ट आणखी दाबला जातो आणि चेंडू ८ अंशांनीच निघतो.

आता लाँच मॉनिटर बनवणाऱ्या ट्रॅकमन कंपनीने प्रसिद्ध केलेली आणि प्रशिक्षक अनेक वर्षे दाखल्यासाठी वापरत आलेली सरासरी पाहा. पुरुषांच्या पीजीए टूरवर, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांत, क्लबहेडचा वेग ताशी ११३ मैल, अटॅक अँगल उणे १.३, लाँच अँगल १०.९ अंश, स्पिन २,६८६ आणि कॅरी २७५ यार्ड. महिलांच्या एलपीजीए टूरवर वेग ९४ मैल, अटॅक अँगल अधिक ३, लाँच अँगल १३.२ अंश, स्पिन २,६११ आणि कॅरी २१८ यार्ड. दोन्हीकडे स्पिन जवळजवळ सारखाच आहे, पण वेग १९ मैलांनी कमी असलेल्या खेळाडू चेंडू दोन अंशांहून अधिक उंच काढतात. याचे कारण हवेत आहे. फिरणाऱ्या चेंडूला हवेकडून वर उचलणारा जोर मिळतो आणि तो चेंडूच्या वेगावर अवलंबून असतो. वेगवान चेंडू हवेच्या बळावर उंच चढतो; संथ चेंडूला ते बळ पुरेसे मिळत नाही, म्हणून त्याला उंची निघतानाच द्यावी लागते. तुमचा वेग एलपीजीएच्या सरासरीपेक्षाही दहा मैलांनी कमी आहे आणि तुमचा चेंडू त्यांच्यापेक्षा पाच अंशांनी खालून निघतो. तो लवकर टेकतो त्याचे कारण हे आहे. त्यात तुमच्या वयाचा दोष नाही.

मित्रांच्या मताला इतिहास आहे, म्हणून ते सरळ झटकून टाकू नये. पर्सिमनच्या लाकडाचे लहान हेड आणि रबराचा धागा गुंडाळून वर बलाटाची साल चढवलेला चेंडू हे जेव्हा चांगल्या खेळाडूंचे साहित्य होते, तेव्हा चेंडू फार स्पिन घेई आणि जोरात मारणाऱ्याचा चेंडू आभाळात चढून तिथल्या तिथे उतरे. त्याला खाली ठेवण्यासाठी कमी लॉफ्ट लागे, आणि असा ड्रायव्हर हाताळणारा खेळाडू खरोखरच तयारीचा असे. तेव्हापासून कमी लॉफ्टला मान मिळाला तो आजतागायत टिकून आहे. साहित्य मात्र पार बदलले. टेलरमेडने १९७९ मध्ये पोलादी हेडचा ड्रायव्हर बाजारात आणला तो १२ अंशांचाच होता. पुढे टायटॅनियमची मोठी हेड आली, जी आज नियमांनुसार ४६० घनसेंटिमीटरपर्यंत असू शकतात, आणि २००० च्या अखेरीपासून भरीव गाभ्याच्या, अनेक थरांच्या चेंडूने धागा गुंडाळलेल्या चेंडूला टूरवरून हद्दपार केले. आजचा चेंडू ड्रायव्हरवर कमी स्पिन घेतो, म्हणून त्याला उंच काढावे लागते. अमेरिकेच्या ब्रायसन डीशॅम्बोने २०२० ची यूएस ओपन साडेपाच अंशांच्या ड्रायव्हरने जिंकली हे खरे आहे. पण त्याचा वेग टूरच्या सरासरीपेक्षाही कितीतरी जास्त होता आणि तो चेंडूला खालून वर मारत होता. त्याच्या लॉफ्टवरून आपला लॉफ्ट ठरवण्यात काहीच अर्थ नाही.

‘९ चाच ठेवून स्विंग सुधारा’ या सल्ल्यातील खरा धोका मला वेगळाच वाटतो. चेंडू वर जात नाही असे दिसले की खेळाडूचे शरीर नकळत त्याला उचलू पाहते. वजन मागच्या पायावर राहते, उजवा खांदा खाली जातो, मनगटे लवकर सुटतात. मग कधी चेंडूच्या डोक्यावर फटका बसतो, कधी टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) मागची माती निघते. कमी लॉफ्टचा ड्रायव्हर खेळाडूला चुकीचा स्विंग शिकवतो आणि तो मोडायला पुढे वर्षे लागतात. पुरेसा लॉफ्ट असलेला क्लब हातात असला की चेंडू आपोआप वर जाईल असा विश्वास बसतो आणि शरीर मोकळेपणाने फिरू लागते. स्विंग जरूर सुधारावा, पण त्यासाठीदेखील हाती १२ चाच हवा.

नवा क्लब घेण्यापूर्वी एक तपासणी घरच्या घरी करता येते. तुमच्या चेंडूचा वेग क्लबहेडच्या वेगाच्या १.४ पट आहे. नीट मध्यावर लागलेल्या फटक्यात तो १.४८ पटीच्या आसपास जातो. अर्थात तुमचे फटके मध्यावर बसत नाहीत. पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला, जिथे फेस भिडणार तिथे, एक ठिपका काढा आणि तो भाग फेसकडे ठेवून चेंडू टीवर बसवा. फटक्यानंतर त्याचा ठसा फेसवर उमटतो. ठसे न पुसता पंधरा-वीस चेंडू मारा आणि मग फेस उजेडात धरून पाहा. तुमच्या आकड्यांवरून मला वाटते की ठशांचा पुंजका मध्याच्या खाली, कदाचित टाचेकडे सापडेल. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो. वरून खाली त्याला बाक असतो आणि त्या बाकाची त्रिज्या साधारण ३० सेंटिमीटर धरली, तर मध्यापासून एक सेंटिमीटर खाली लॉफ्ट जवळजवळ दोन अंशांनी घटलेला असतो. म्हणजे तिथे लागलेल्या फटक्यापुरता तुमचा ९ अंशांचा ड्रायव्हर ७ चा झालेला असतो. शिवाय मध्याच्या खाली लागलेल्या चेंडूला हेडच्या कलंडण्यामुळे जादा स्पिन मिळतो. कमी उंची आणि जास्त स्पिन हे दोन्ही तोटे एकाच फटक्यात पदरी पडतात. मध्याच्या किंचित वर लागलेला चेंडू याच्या अगदी उलट वागतो, उंच निघतो आणि कमी फिरतो, आणि म्हणूनच तो सर्वांत लांब जातो.

तेव्हा टी अशी खोचा की चेंडूचा निम्मा भाग हेडच्या वरच्या कडेच्या वर दिसेल. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा. तुमचा स्विंग आज आहे तसाच राहिला तरी १२ अंशांच्या हेडने लाँच अँगल साडेदहाच्या पुढे जाईल, स्पिन तीन हजारांच्या आसपास होईल आणि कॅरी आठ-दहा यार्डांनी वाढेल असा माझा अंदाज आहे. अटॅक अँगल उण्याकडून शून्याकडे, आणि पुढे अधिककडे सरकू लागला, तर फायदा कितीतरी मोठा असेल. ताशी ९० मैलांच्या आसपासच्या वेगाला उणे ५ आणि अधिक ५ यांच्यात कॅरीचा फरक वीस यार्डांहून अधिक पडतो. तो दिवस आला की साडेदहाच्या हेडचा विचार करू. पुतण्याच्या भेटीचा मान राखायचाच असेल, तर त्याच ड्रायव्हरचे लॉफ्ट बदलता येते का तेही पाहावे. त्याविषयी तिसऱ्या पत्राचे उत्तर वाचावे.

प्रश्न : मी ३३ वर्षांची असून महाविद्यालयात असताना हॉकी खेळत असे. दोन वर्षांपूर्वी गोल्फ सुरू केले तेव्हा दुकानदाराने महिलांच्या संचातला १३ अंशांचा ड्रायव्हर दिला. आता माझा चेंडू सरळ वर चढतो आणि समोर वारा असला की जागच्या जागी पडतो. माझा वेग ताशी ९२ मैल, अटॅक अँगल अधिक ४, लाँच अँगल १७ अंश आणि स्पिन ३,३०० आहे. मी चुकत आहे की क्लब? – एक वाचक, चेंबूर, मुंबई

उत्तर : तुमचे काहीच चुकत नाही. वर दिलेल्या एलपीजीएच्या सरासरीशी तुमचे आकडे ताडून पाहा : वेग जवळपास तितकाच, अटॅक अँगल त्यांच्याहून एका अंशाने सरस. फक्त त्या १३ अंशांनी चेंडू काढतात आणि तुमचा १७ अंशांनी निघतो, स्पिनही सातशे फेऱ्यांनी जास्त. चेंडूला खालून वर मारण्याची सवय हॉकीतून आली असो वा नसो, ती ड्रायव्हरसाठी मोलाची आहे आणि कोणी काहीही सांगितले तरी ती बदलू नका.

तुम्ही साडेदहा अंशांचे हेड वापरून पाहावे. लाँच अँगल १४-१५ च्या घरात येईल आणि वाऱ्यात चेंडू तग धरील. त्याबरोबर शाफ्टही बदलावा लागेल, कारण महिलांच्या संचातील शाफ्ट तुमच्या वेगाला फार मऊ पडतो आणि फटक्याच्या क्षणी पुढे झुकून लॉफ्टमध्ये भर घालतो. लॉफ्ट स्त्री-पुरुष भेदावर ठरवण्याची पद्धत दुकानांतून जायला हवी, असे मला मनापासून वाटते. पहिल्या पत्रातील गृहस्थांना जो क्लब ‘बायकांचा’ म्हणून नाकारला जात आहे तोच तुम्हाला बाई म्हणून दिला गेला, आणि दोघांचेही नुकसान झाले.

लांबीच्या मागे मात्र फार लागू नका. भारताची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा तिचे ड्राइव्ह बरोबरीच्या बहुतेक खेळाडूंपेक्षा मागे पडत होते. तिने ती भरपाई ग्रीनजवळच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीजवळच्या) खेळाने आणि पटिंगने, म्हणजे चेंडू भोकात घरंगळवण्याच्या फटक्यांनी, केली.

प्रश्न : माझ्या साडेदहा अंशांच्या ड्रायव्हरला लॉफ्ट बदलण्याची सोय आहे. चेंडू खालून जाऊन अधिक घरंगळावा म्हणून मी तो ९ वर आणला, तर स्लाइस (चेंडूचे उजवीकडे वळणे) आणखी वाढला. तसेच फेरी चालू असताना असा बदल करता येतो का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्लाइस वाढणारच होता. शाफ्टच्या टोकाची फिरती बाही हेडचा फेस दाबून सपाट किंवा मागे करीत नाही. ती फक्त शाफ्ट हेडमध्ये कोणत्या कोनात शिरतो ते बदलते. बाही ‘उणे’कडे फिरवून क्लब जमिनीवर टेकवला की फेस उजवीकडे उघडा दिसतो, आणि तो हाताने सरळ केला की लॉफ्ट कमी होतो. ‘अधिक’कडे फिरवली की फेस डावीकडे मिटतो, आणि तो सरळ केला की लॉफ्ट वाढतो. स्लाइस मारणाऱ्याचा फेस मुळातच उघडा येतो. तुम्ही तो आणखी उघडलात.

दुसरे कारण अधिक खोल आहे. फेस आणि स्विंगची दिशा यांच्यात तीच तफावत असली, तरी स्पिन लॉफ्ट जितका कमी तितका चेंडूच्या फिरण्याचा आस जास्त कलतो आणि चेंडू जास्त वळतो. जास्त लॉफ्टचा क्लब सरळ जातो असा प्रत्येकाचा अनुभव आहे. नऊ नंबरच्या आयर्नने फारसा कोणी स्लाइस मारीत नाही. म्हणून बाही साडेदहावर परत आणा, आणि जमल्यास एक अंश वर न्या. पाना फिरवताना ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत स्क्रू आवळा आणि तिथेच थांबा. सैल राहिलेला स्क्रू फटक्यागणिक ढिला होतो.

येथेच पुण्याच्या वाचकांसाठीही सांगतो : ९ चे हेड बाहीने ११ केले तरी ते मुळातल्या ११ च्या हेडसारखे होत नाही, कारण टेकवल्यावर त्याचा फेस मिटलेला दिसतो. ज्याचा चेंडू उजवीकडे जातो त्याला हे वरदान आहे, पण हुक मारणाऱ्याने, म्हणजे ज्याचा चेंडू डावीकडे वळतो त्याने, या वाटेला जाऊ नये. शिवाय कोरलेल्या आकड्यावर फार विसंबूही नये. उत्पादनात अंशभर इकडे-तिकडे होते, आणि पुष्कळ हेड लिहिल्यापेक्षा जास्त लॉफ्टची भरतात. क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे लॉफ्ट मोजण्याचे साधन असते, त्यावर एकदा तपासून घ्यावे.

फेरी सुरू झाल्यावर मात्र बाहीला हात लावू नका. नियम ४.१ नुसार फेरीदरम्यान मुद्दाम बदललेल्या क्लबने फटका मारल्यास खेळाडू बाद ठरतो. चुकून फिरवली गेलीच, तर पुढचा फटका मारण्यापूर्वी ती मूळ जागी आणली की दंड नाही.

प्रश्न : मी खारघरला खेळतो. पावसाळ्यात लॉफ्ट बदलावा का? आणि पुढच्या उन्हाळ्यात गुलमर्गला खेळायला जाणार आहे, तिथे काय करावे? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : पावसाळ्यात एक अंश वाढवावा. मे महिन्यातल्या कडक फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) खालून आलेला चेंडू तीस-चाळीस यार्ड सहज घरंगळतो, त्यामुळे कमी लॉफ्टचे उणेपण झाकले जाते. जुलैमध्ये चेंडू जिथे पडतो तिथेच रुततो आणि जितकी कॅरी तितकीच लांबी. फेसवर पाणी असेल तर पकड सुटून स्पिन घटतो आणि चेंडू हवेतून अवेळी खाली येतो. तेव्हा कोरडा टॉवेल छत्रीच्या आत बांधून ठेवा आणि प्रत्येक फटक्यापूर्वी फेस आणि चेंडू पुसा. समोरून वारा असला की टी खाली खोचण्याची अनेकांना सवय असते. ती घातक आहे, कारण चेंडू फेसच्या खालच्या भागावर लागून उलट जास्त फिरतो. टी नेहमीइतकीच किंवा अगदी किंचित कमी ठेवून थोड्या हलक्या हाताने मारावे.

उंचीचा परिणाम दर हजार फुटांना सव्वा टक्क्याच्या आत असतो. पुण्यासारख्या ठिकाणी, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, दोनशे यार्डांचा ड्राइव्ह चार यार्डांनी वाढतो. तेवढ्यासाठी काही करण्याची गरज नाही. गुलमर्गचे मैदान २,६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे वाढ दहा टक्क्यांच्या आसपास जाईल. विरळ हवा चेंडूला अडवते कमी, पण उचलतेही कमी; म्हणून तिथे लॉफ्ट कमी करण्याचा मोह टाळावा. खारघरला पावसाळ्यात जो लॉफ्ट ठेवाल तोच गुलमर्गलाही चालेल. तुम्हाला जास्त विचार करावा लागेल तो ग्रीनवर मारायच्या आयर्नचा, कारण प्रत्येक क्लब सवयीपेक्षा लांब जाईल.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला माझा जुना साडेनऊ अंशांचा ड्रायव्हर कापून देऊ का? – एक पालक, नागपूर

उत्तर : देऊ नये. शाफ्ट कापला की तो कडक होतो आणि हेड मात्र जडच राहते. या वयातील मुलाला हलके हेड, मऊ आणि आखूड शाफ्ट आणि १३ ते १५ अंशांचा लॉफ्ट लागतो. तसा ड्रायव्हर लगेच मिळत नसेल, तर मुलांच्या मापाच्या फेअरवे वूडने टीवरून मारू द्यावे. पुढच्या दोन वर्षांत त्याची उंची आणि वेग झपाट्याने वाढतील, म्हणून महागडा क्लब आताच घेऊ नका आणि दर सहा महिन्यांनी त्याचे आकडे नव्याने मोजून घ्या.